कॅमेऱ्याच्या खोडी

लग्नाची शूटिंग करणारा उमरग्याचा एक गडी आमच्या लोहारा गावात नेहमी यायचा. लोक बैल विकताना खोडी झाकतात, ह्याचं उलटंच. नवा, हातात मावणारा व्हिडिओ कॅमेरा वर धरायचा आन् आधी त्याच्या खोडीच सांगायचा.

“बघा काकू, ह्याला अंधारात काय दिसत न्हाय. आवाज जवळचाच धरतो, लांबचा सोडतो. गुण एकच, बारका हाय, म्हणून माणसं त्याला बुजत न्हाईत.”

सांगताना गळ्यातल्या रुमालानं काच पुसत राहायचा.

माझ्या लेकीच्या लग्नात मी त्याला म्हणलं, “माझी थोरली जाऊ अंथरुणावर हाय. पोरीला तिनंच वाढवलं. ती कॅसेटमध्ये आलीच पाहिजे.”

त्यानं आतल्या खोलीत जाऊन कॅमेरा डोळ्याला लावला. नुसता काळोख. तो शिडीनं मातीच्या माळवदावर चढला आन् उजेडासाठी ठेवलेल्या भोकावरचं, सवण्यावरचं, पत्र्याचं झाकण बाजूला केलं. उन्हाचा झोत थेट जावेवर पडला, संगं थोडी मातीबी पडली. तो पळत खाली येऊन शूटिंग करायला लागला, तरी तिचं चालूच होतं, “कोण हाय रं मेल्या? नवरीच्या आधी मलाच हळद लावतो व्हय?”

पुढं तो कॅसेट घेऊन आला, तवा जावेच्या अंथरुणापाशीच टीव्ही लावून आम्ही ती बघितली. लग्नात म्हणलेलं त्रिशरण कुणालाच नीट ऐकू आलं न्हाय, जावेचं बोलणं मात्र लख्ख. तो ओशाळला. “म्या आधीच सांगितलं होतं, जवळचाच आवाज धरतो.”

“ह्याला खोड म्हणतो व्हय?” जाऊ म्हणली. “परत लाव.”