पलीकडे म्हणजे कुठे?

माझं शेवटचं पोस्टिंग पुण्यात, इंजिनिअर्समध्ये. मी हवालदार, गाव इंदुरी. त्या थंडीत सकाळी नाश्त्यालाच ऑर्डर आली: मळवलीजवळ मालगाडी घसरलीय, पेट्रोलची टाकी फुटलीय, निघा. पेट्रोल नाल्यात, नाला इंद्रायणीत, आणि इंद्रायणी थेट आमच्या इंदुरीला. हातातला चहा तसाच टाकून मी उठलो.

नाला रुळांखालच्या मोरीतून नदीकडे जातो. मोरीच्या डोंगराकडच्या अंगाला आमचं सेक्शन, म्हणजे आमची छोटी तुकडी, सेट माझ्याकडे. नदीकडच्या अंगाला भाजे गावचे लोक, फावडी-घमेली घेऊन. त्यांच्यासोबत आमचा एक जवान वायरलेस सेट घेऊन उभा. मेजरसाहेब लांब, घसरलेल्या मालगाडीपाशी होते. सेटवर म्हणाले, "सगळ्यांनी मोरीच्या पलीकडे बांध घाला. ओव्हर."

"रॉजर," म्हणालो मी. तिकडच्या जवानानंही तेच म्हटलं.

झालं! आम्ही रुळांवर चढतो तर समोरून अख्खं गाव चढून येतंय.

"मावशी, कुठं निघालात?" पुढच्या बाईला मी विचारलं.

"पलीकडं! तुमच्याच सायबानं सांगितलं न्हवं?"

"अहो, पलीकडे म्हणजे तुमच्याकडे!"

"आमच्याकडं तर आमी व्हतोच की!"

तिचंही खरंच होतं. मी सेटवर विचारलं, "पलीकडे म्हणजे कुठे? ओव्हर." नुसती खरखर. निम्मे लोक मागे वळले, निम्मे पुढे. खाली पेट्रोल मोरीत शिरत होतं.

आमचा लान्स नायक दत्ता हसला. "उस्ताद, तुमचं चालू द्या. मी मोरीचं तोंड बांधतो." ताडपत्री घेऊन तो नदीच्या बाजूला घसरत उतरला.

शेवटी आम्ही सगळेच नदीकडे उतरलो आणि बांध घातला. पेट्रोल बाहेर आलंच नव्हतं. ताडपत्री आतून गच्च बसली होती. आनंदानं मी त्या मावशीच्या पाया पडलो.

चिखलानं आम्ही सगळे एकसारखे झालो होतो. दत्ता दिसेना. मला वाटलं गावकऱ्यांत असेल, त्यांना वाटलं आमच्यात. तो मोरीतच होता, ताडपत्री आतून बसवायला शिरलेला. वासानं गुदमरून पालथा पडलेला. आम्ही ओढून काढला तेव्हा अंग गार होतं.

चूक कुणाची, मला आजही कळत नाही. विचार करायला लागलो की डोकं भणाणतं, आणि रडू येतं.

दत्ता लातूरकडचा. त्यानं इंदुरी कधी पाहिलीसुद्धा नव्हती. इंदुरीच्या नदीकाठी त्याच्या नावाचा दगड बसवायचं आम्ही ठरवलं, तेव्हा पाथरवटानं विचारलं, "भाऊ, कुटल्या लढाईत पडला म्हून लिवू?"

मी म्हणालो, "लान्स नायक दत्ता. भाज्याचा नाला. एवढंच लिही."