वरच्या वस्तीचं नळकोंडाळं

नव्वदीच्या शेवटी मी एका संस्थेसाठी गावोगावच्या नळपाणी योजना तपासायचं काम करत होते. राहायला दौंडला. सकाळच्या एसटीनं शिरूर, तिथून मिळेल त्या गाडीनं गाव. टाकी बघायची, बायकांशी बोलायचं, फॉर्म भरायचा. पहिलाच प्रश्न असे: योजना चालू की बंद? पुढे दोन चौकोन.

कवठे येमाईच्या पलीकडच्या एका गावात आधी कळवून गेले होते. गावाच्या वरच्या अंगाला, खडकावर बौद्धवस्ती. तिथल्या नळकोंडाळ्याच्या चारही तोट्यांतून धो धो पाणी पडत होतं. मी 'चालू'वर खूण करणार, तेवढ्यात कोंडाळ्यात साचलेल्या पाण्यावर शेळीच्या लेंड्या तरंगताना दिसल्या. रोज पाणी पडतं तिथं शेळी कशी बसत असेल? खूण न करताच मी परतले.

पुढच्या आठवड्यात न कळवता गेले. कोंडाळ्यात शेळी बसलेली होती. बायका खालच्या विहिरीवरून हंडे आणत होत्या. एका म्हाताऱ्या बाईंना मी विचारलं, "मावशी, नळाला पाणी येतं का?"

"येतं की."

"आज आलं?"

"आज न्हाई."

"काल?"

"येतं म्हणलं ना ताई. चालू ल्हिवा."

मी लिहीना, तेव्हा त्यांनी मला घरात नेलं. "पाणी सोडणारा आमच्यातला हाय," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्यांदाच आमच्या माणसाला टाकीची किल्ली मिळाली. बंद ल्हिवलं तर त्यो जाईल. आन् पाणी त्याच्या आधी तरी कवा व्हतं?"

पाणी सोडणारा टाकीपाशीच भेटला. चाळिशीचा, शांत माणूस. "व्हॉल्व्ह मी पुरता खोलतो," तो म्हणाला. "खाली मोठी घरं नळाला मोटारी लावत्यात. वर काय चढंल?"

"मग त्यांना सांगत का नाही?"

"मी?" तो म्हणाला. "ताई, माझीच बायको हिरीवरनं पाणी आणती."

परतीच्या एसटीत फॉर्म मांडीवर होता. दोन्ही चौकोन कोरे ठेवून मी शेऱ्याच्या जागेत बारीक अक्षरात सगळं लिहिलं. ऑफिसात साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "खरं असेल. पण कॉम्प्युटरमध्ये शेरा जात नाही. चालू का बंद, एवढं सांगा."

मी 'बंद'वर खूण केली. वाटलं, चौकशी होईल, मोटारी निघतील.

चौकशी झाली, तीही आधी कळवून. त्या दिवशी गावात एकही मोटार लागली नाही आणि पाणी सरळ वर चढलं. योजनेत दोष नाही, माणूस कामचुकार आहे, असं ठरलं. त्याच्याकडून किल्ली घेतली आणि खालच्या आळीतल्या एकाला दिली. हे मला ऑफिसात कळलं.

काही महिन्यांनी त्याच गावी पुन्हा पाठवलं. वस्तीत शिरायचा धीर होत नव्हता. पण कोंडाळ्यावर गर्दी होती. पाणी येत होतं! नवा माणूस मोठ्या घरांच्या भावकीतला. त्यानं चार दारं फिरून सांगितलं, आणि पाणी सोडायच्या वेळी मोटारी बंद राहायला लागल्या. वस्तीला दिवसाआड पाणी मिळत होतं.

मी आनंद मानावा की लाज वाटून घ्यावी? माझ्या एका खुणेनं पाणी आलं होतं आणि त्याच खुणेनं आधीच्या माणसाचं काम गेलं होतं.

रांगेत त्याची बायको होती; एका बाईनं मला ती दाखवली. मी जवळ जाऊन विचारलं, "ते कुठं असतात आता?"

"कासुर्डीकडं. हायवेच्या कामावर. म्हैन्यातनं एकदा येत्यात."

"माझ्यामुळं झालं हे," मी म्हणाले.

तिनं हंडा तोटीखाली सरकवला. "पाणी येतंय ताई. बरं झालं."

रागानं म्हणाली की मनापासून, मला तेव्हा कळलं नाही. पुढं कित्येक गावं तपासली, तरी ते अजून उमगलेलं नाही. मी आणखी काही बोलायच्या आत तिनं भरलेला हंडा डोक्यावर घेतला आणि मागची बाई पुढं आली.