तीन नंबरवरचे काका

"बघून सांगतो."

कुणी काहीही विचारलं की काकांचं पहिलं उत्तर हे. उत्तर माहीत असलं तरी हेच. एकदा अमेरिकेतल्या कुणीतरी त्यांना लिहून विचारलं, की आमच्या शाळेसमोरचा भेळवाला अजून उभा राहतो का? काका आदल्या संध्याकाळीच त्याच्याकडची भेळ खाऊन आले होते. मी म्हटलं, "मग लिहून टाका ना, आहे म्हणून." तर म्हणाले, "ताई, ते कालचं झालं. आज बघून सांगतो." आणि खरंच उठले, चपला घातल्या, स्कूटरला किक मारली आणि गेले. तासाभराने येऊन एका बोटाने टाइप केलं, 'भेळवाला आहे. गाडीला नवीन रंग दिला आहे. चिंचेचे पाणी पूर्वीपेक्षा पातळ.'

तेव्हा नाशिकला सातपूरमध्ये, कामगार वसाहतीच्या तोंडाशी, माझा सायबर कॅफे होता. चार कॉम्प्युटर, मध्ये प्लायवूडच्या फळ्या, चपला बाहेर काढायची पाटी, आणि भारनियमनाच्या वेळी रडतखडत चालणारा एक इन्व्हर्टर. पोरं निकाल बघायला यायची, नोकरीचे अर्ज भरायची, आणि मी पाठ फिरवली की नको ते बघायची. काका या सगळ्यात एकटेच पांढऱ्या केसांचे. तीन नंबरचा कॉम्प्युटर त्यांचा. बसण्याआधी माऊसला हात लावून तो हात कपाळाला लावायचे. पोरं हसायची. खंडेनवमीला त्यांनी तीन नंबरला झेंडूची माळ घातली तेव्हा मीही हसले. पण काढली नाही. पुढे दोन दिवस की-बोर्डमधून पाकळ्या निघत होत्या.

ते काय करायचे ते सांगते. त्यांच्या शेजारचा एक मुलगा अमेरिकेला गेला. तिथे गेल्यावर त्याला नाशिक आठवायला लागलं (इथे असताना त्याला फक्त पुणे आठवायचं), म्हणून त्याने इंटरनेटवर बाहेर गेलेल्या नाशिककरांचा एक ग्रुप काढला. वर्षभरात त्याला बढती मिळाली, लग्न झालं, आणि नाशिक परत मागे पडलं. सुट्टीत आला तेव्हा ग्रुपची किल्ली त्याने काकांच्या हातात दिली. "तुम्ही रिकामेच असता ना काका, सांभाळा." काकांच्या कारखान्यात नुकतीच स्वेच्छानिवृत्ती आली होती. तिच्यातली स्वेच्छा कुणाची होती ते सातपूरच्या माणसाला सांगायला नको.

ग्रुपवर कुणी काही लिहिलं की ते आधी काकांकडे यायचं. त्यांनी बटण दाबलं की मगच ते सगळ्यांना दिसायचं. हे काम जणू त्यांच्यासाठीच निघालं होतं, कारण त्यांचं अख्खं आयुष्य कारखान्याच्या तपासणी विभागात गेलेलं. मशीनवरून तुकडा आला की गेज लावायचं. मापात बसला तर पास, नाही बसला तर लाल रंग लावून बाजूला. कुणी बनवला, तो आपल्या गावचा आहे का, त्याच्या बायकोचं बाळंतपण आलंय का, हे बघायचं नाही. ग्रुपचे मेसेजही ते असेच बघायचे. शिवी असेल, खोटी अफवा असेल तर बाजूला. बाकी सगळं "पास". हा शब्द ते मोठ्याने म्हणायचे. दोन नंबरवर अर्ज भरणारी पोरगी दचकायची.

त्यांचं स्वतःचं परदेशात कुणी नव्हतं. मूलबाळही नव्हतं. मी एकदा विचारलं, "काका, तुमचं कोण असतं हो तिकडे?" ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "आता बरेच हायेत."

आणि खरंच होते. एका बाईंचे वडील गंगापूर रोडला एकटे राहायचे आणि दोन दिवस फोन उचलत नव्हते. काका गेले. म्हातारबुवा ठणठणीत होते, फोन उशीखाली ठेवून वर झोपले होते एवढंच. तेव्हापासून ते म्हातारबुवा होते तोवर महिन्यातून एकदा काका त्यांच्याकडे जायचे आणि इकडे येऊन लिहायचे, 'तब्येत चांगली. मी पत्त्यांचे दोन डाव हरलो.' कुणाला लग्नाच्या पैठणीला जोड हवा असायचा, मग काका एसटीने येवल्याला जाऊन विणकराकडे रंग बघून यायचे. कुणाला कॉलेजातला बाक आठवायचा. काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, या सगळ्यावर एकच शेरा होता. रस्त्यात भेटल्या की म्हणायच्या, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजतोय तुझा काका. त्या डबड्यात काय हाय एवढं, मला तर कळंना."

मलाही कधी कधी कळत नसे. पण कुणी लिहिलं की 'काका, तुमच्यामुळे घरी जाऊन आल्यासारखं वाटलं', तर ते खुर्चीत मागे रेलायचे आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाने उगाच पुसत बसायचे. त्या वेळी तो माणूस किती सुंदर दिसायचा हे त्याला कुणी सांगितलं नसेल. मीही नाही.

काका सरळ माणूस होते, आणि अगदी सरळ माणसाबरोबर राहणं सोपं नसतं. तुमच्याही ओळखीत असेल एखादा. त्याला खोटं चालत नाही, आणि खोटं आणि हळवं यातला फरक त्याला नेमका दिसत नाही.

ग्रुपवर एक गृहस्थ होते, मूळचे पंचवटीतले, तीस वर्षं परदेशात. फार छान लिहायचे. एकदा त्यांनी आपल्या गल्लीवर लिहिलं. गल्लीतली विहीर, तिच्या काठावर धुणं धुणारी आई, आईच्या बांगड्यांचा आवाज. लोक वाचून रडले. कितीतरी जणांनी आपापल्या आईबद्दल लिहिलं. आणि आमचे काका? काका स्कूटर काढून पंचवटीला गेले.

परत येऊन त्यांनी लिहिलं, 'गल्ली पाहिली. विहीर नाही. शेजारी चौकशी केली, कधीच नव्हती. हौद होता, तो पुढच्या गल्लीत.'

मी डोक्याला हात लावला. "काका, माणसाच्या आठवणीला कशाला गेज लावता?"

"मी त्यांना खोटं म्हटलं का? विहीर नाय एवढंच सांगितलं. उद्या आले आणि विहीर शोधत बसले तर?"

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचं उत्तर आलं. लिहिलं होतं, की ग्रुप चालवणारे हे गृहस्थ येवल्याकडून पोटासाठी सातपूरला आलेले आहेत. ज्यांचं बालपण नाशकात गेलं नाही, त्यांनी आम्हा मूळच्या नाशिककरांच्या आठवणी तपासू नयेत. कारखान्यातली हमाली निराळी आणि हे निराळं.

हा मेसेजही, सगळ्यांसारखा, आधी काकांकडेच आला होता. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. त्यांनी तो सावकाश वाचला.

"उडवा तो," मी म्हटलं.

"का? यात खोटं काय हाय? येवल्याकडचाच मी. पोटासाठीच आलो." आणि बटण दाबलं. "पास" मात्र त्या दिवशी म्हणाले नाहीत.

पुढचे काही दिवस मी रोज येता-जाता डोकावून बघायची, कुणी काही लिहिलं का? ग्रुपवर बघावं तर मिसळीच्या पाककृती चाललेल्या. चिवड्यात पोहे आधी की शेंगदाणे आधी. मला इतका संताप आला. ज्यांच्या बापांबरोबर हा माणूस पत्ते खेळला, त्यातल्या एकालाही दोन ओळी लिहायला हात नव्हते? शेवटी न राहवून मी बोललेच. "बघा तुमची माणसं. एक तरी तुमच्या बाजूने बोललं का?"

काका म्हणाले, "बोलले की. लय जण बोलले."

त्यांनी मला पडद्यावर दाखवलं. त्यांच्याकडे आलेल्या, पण पुढे न सोडलेल्या मेसेजांची रांग लागली होती. गंगापूर रोडच्या त्या म्हाताऱ्यांच्या मुलीने पानभर लिहिलं होतं. पैठणीवाल्या पोरीने लिहिलं होतं. भेळवाल्याची चौकशी करणाऱ्याने तर त्या गृहस्थांना चांगलंच फैलावर घेतलं होतं.

"आणि हे तुम्ही दाबून ठेवलंत? शिव्या पास आणि कौतुक रिजेक्ट?"

"रिजेक्ट नाय. बाजूला ठेवलंय." ते अगदी शांतपणे म्हणाले. "ताई, आपला माल आपण तपासायचा नसतो. कारखान्यातला पयला नियम. ज्यानं बनवला त्यानंच पास केला तर त्या शिक्क्याला काय किंमत?"

"मग मी करते पास. द्या इकडे."

"तुम्ही माझ्या बाजूच्या. ते तर आणखी वाईट."

मी वाद घातला, चिडले, अबोला धरला. उपयोग शून्य. तीस वर्षांची सवय, ती माझ्या अबोल्याला काय भीक घालणार? आणि नुकसान तर व्हायला लागलंच होतं. ज्यांनी लिहिलं होतं त्यांना आपलं लिहिलेलं कुठे दिसेना. त्यांना वाटलं, काकांनी अडवलं. एकाने विचारलं, 'काका, माझ्यावर रागावलात का?' हाही मेसेज काकांबद्दलच, म्हणून तोही बाजूला. बाकीच्यांना वाटलं, एवढं होऊन कुणीच बोललं नाही तर आपण कशाला मध्ये पडा. अशी एकेक करून बोलणारी माणसं गप्प झाली. राहिले ते रोज सकाळी गुलाबाची चित्रं पाठवणारे.

काका येत राहिले. पण पूर्वी ते दार उघडायच्या आधी बाहेर उभे असायचे, ते आता दुपार टळल्यावर यायचे. मग एक दिवसाआड. गुलाबाची चित्रं न बघता सोडून द्यायचे. मध्येच कुणी विचारायचं, अमुक दुकान आहे का हो अजून? काका ते वाचायचे आणि नुसते बसून राहायचे. स्कूटर बाहेर उन्हात तापत असायची. एकदा मी म्हटलं, "जाऊन या की. मी चहा सांगून ठेवते." तर मान हलवली. "हात चालतो ताई, पण मन लागत नाय. मशीन फिरतंय, पुढं माल नाय, असं झालंय."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. माल पुढेच पडलाय, तुम्हीच अडवून धरलाय, हे ओरडून सांगावंसं वाटलं. पण त्यांना ते माहीत होतं. माहीत असूनही हात पुढे होत नव्हता, आणि खरं दुःख तेच होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळे बरे होईपर्यंत मी त्यांना मेसेज वाचून दाखवायची आणि ते सांगतील ते बटण दाबायची. त्या रांगेशी आले की ते म्हणायचे, "ते राहू द्या." डोळे बरे झाले, पण नंतर ते फारसे आलेच नाहीत.

थंडीत एका सकाळी दाढी करता करता ते गेले. हृदय. काकूंनी बाहेरच्या खोलीतून हाक मारली तेव्हा उत्तर आलं नाही, एवढंच.

दिवस झाले, आणि नंतर एका संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दाराशी चपला काढल्या, चारही कॉम्प्युटरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ते कुठं बसायचे?"

मी तीन नंबर दाखवला. त्या खुर्चीच्या अगदी टोकाला बसल्या. "काय करायचे ते दाखव मला. मी कधी इचारलंच नाय."

मी ग्रुप उघडला. कसा चालायचा ते सांगितलं. मग ती रांग उघडली आणि वाचून दाखवायला लागले. म्हाताऱ्यांच्या मुलीने लिहिलं होतं, की माझ्या बाबांना शेवटच्या वर्षात हसताना पाहिलं ते फक्त या माणसाने, आणि मला ते या माणसामुळे कळलं. तो येवल्याचा असो की आणखी कुठला, माझं नाशिक म्हणजे आता तोच आहे. काकू पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. एक झाला, दुसरा झाला. मध्येच त्यांनी मला थांबवलं.

"हे सगळ्यांना का नाय दिसलं?"

मी नियम सांगितला. आपला माल आपण तपासायचा नसतो.

काकू खुर्चीत नीट मागे सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "माझा तर नाय ना हा माल? त्यांचा हाय. मग मी तपासते. वाच."

मी एकेक वाचत गेले. प्रत्येकाला त्या मान हलवायच्या आणि मी बटण दाबायची. रांग संपली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. मी चहा मागवला. नाशकातली संध्याकाळ म्हणजे अमेरिकेतली सकाळ. कप खाली ठेवेपर्यंत पहिलं उत्तर आलं. मग दुसरं. मग धडाधड यायला लागली. त्या लोकांना काय माहीत? बाजूला ठेवलेलं सगळं एकदम पास झालं म्हणजे ते कुणी केलं असणार?

'काका, आलात परत!'

'काका, राग गेला वाटतं. किती वाट बघायला लावलीत.'

'काका, आता कुठे जाऊ नका.'

मी वाचता वाचता थांबले. माझ्याने पुढे वाचवेना. काकूंनी विचारलं तेव्हा काय लिहिलंय ते सांगितलं. माझी बोटं की-बोर्डवर होती. खरं काय ते आता लिहायलाच हवं होतं.

"कळवू का त्यांना?" मी विचारलं.

काकू पडद्याकडे बघत होत्या. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी माझा हात धरला आणि की-बोर्डवरून हळूच बाजूला केला.

"उद्या कळव. आजच्या दिवस असू दे त्यांना."