सवलतीतलं मशीन

कारखान्यात त्याला सगळे सूतभर म्हणत. बावीस वर्षं लेथवर लोखंड कातण्यात काढलेला हा टर्नर कुणाच्याही कामात सूतभर चूक शोधायचाच. कुणी फार गोड बोललं की त्याच्या मनात पाल चुकचुकायची.

आर्थिक वर्ष संपायला चार दिवस असताना मालकांनी कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आणलं, आणि महिनाभर ते ताडपत्रीखालीच राहिलं.

"एवढी घाई कशाला होती?" त्याने अकाउंटंटबाईंना विचारलं.

"वर्षाच्या आत घेतलं की करात मोठी सूट मिळते."

"माणूस ठेवला तर?"

"सूट मशिनावर आहे, माणसावर नाही."

त्याचा मेव्हणा तिथेच सुट्या भागांच्या कडा घासायचा. "आपला पत्ता कटणार," सूतभर त्याला म्हणाला.

मग मशीन सुरू करून द्यायला एक इंजिनियर मुलगी आली. "काका, शाफ्टच्या मध्यावर तुम्ही वेग का कमी करता?"

आपलं डोकं काढून मशिनात घालायला आलीय ही, असं त्याला वाटलं. "सवय," एवढंच तो म्हणाला.

मशिनाने पहिले वीस शाफ्ट वाकडे काढले. त्यातला एक तिने त्याच्यासमोर ठेवला. "तुमच्या जागी मीही सांगितलं नसतं. पण धातू ओळखणारा माणूस मालकांना जाहिरात देऊनही मिळत नाहीये."

यातही काही डाव असेल म्हणून तो थेट मालकांकडे गेला. "तोंडी नको. लिहून द्या."

प्रशिक्षण, नवं पद, वाढीव पगार. कागद त्याने तीनदा वाचला, मगच सही केली. तीन महिन्यांत मशिनावर त्याचा हात बसला.

पण ते कडाही स्वतःच घासून काढायचं. मेव्हण्यासकट चौघांना घरी बसवलं. त्याने मालकांकडे शब्द टाकला, तर म्हणाले, "भागांचं ड्रॉइंग वाचणारा आण, एकाला घेतो."

घरी बायको शांतपणे म्हणाली, "स्वतःचा कागद करून घेतलात. तेव्हा माझा भाऊ आठवला नाही?"

इतक्या जणांवर त्याने संशय घेतला, पण तो सगळा स्वतःपुरताच.

रविवारी तो ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन मेव्हण्याकडे गेला. मेव्हण्याने दार अर्धंच उघडलं.

"मालकाने पाठवलं का, दाजी?"

"नाही."

"मग तुम्हाला यातून काय मिळणार?"

त्या दिवशी चहासुद्धा मिळाला नाही. तो पुढच्या रविवारी गेला, त्याच्या पुढच्याही. चौथ्या रविवारी मेव्हण्याने ड्रॉइंग स्वतःकडे ओढलं आणि पेन्सिल मागितली.