बारा एकोणचाळीसची पहिली मेल

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या ज्या रंगाई मिलमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो, तिथे नवं वर्ष दिवाळीनंतरच्या लाभपाचमेला सुरू होतं, तेही सेठच्या ज्योतिषाने सांगितलेल्या मिनिटाला. त्या साली मिनिट निघालं बारा एकोणचाळीस. वर फर्मान असं, की वर्षातली पहिली मेल सेठच्या 'साल मुबारक'चीच गेली पाहिजे. तोवर मिलमधून एकही मेल बाहेर पडता कामा नये. शुभेच्छेत गळ्यात हार घातलेला सेठचा फोटो. बघणाऱ्याला वाटावं, सेठ गेलेच. यादीतले निम्मे व्यापारी धंदा सोडून गेलेले, दोघं तर वारलेले. पण शुभेच्छांतून त्यांचीही सुटका नाही.

मी याला मनसोक्त हसलो. आणि हसत हसत बाहेर जाणारी सगळी मेल अडवून धरणारी ओळ धनतेरसला सर्व्हरमध्ये मीच लिहिली. तोंडाने नास्तिक, बोटांनी भक्त.

लाभपाचमेला सकाळी साडेदहाला आबांचा फोन आला. आबा आमच्या रंगखात्यातले जुने कारागीर, शिरपूरकडचे. रसायनांनी हातांची सालं निघालेली, खोकला थांबत नव्हता. डॉक्टरांनी हे खातं सोडायला सांगितलं होतं. कडोदऱ्याच्या एका कारखान्यात कापड तपासायची जागा निघाली होती. अनुभवाचं पत्र मिलच्या मेलवरूनच यायला हवं होतं, कारण कागदावरची पत्रं झेरॉक्सच्या दुकानात हवी तशी छापून मिळतात हे सुरतेत सगळ्यांना ठाऊक. तिथल्या सेठचा मुहूर्त सकाळी आठलाच उरकला होता. ग्रह तेच, ज्योतिषी वेगळा.

"भाऊ, मी कडोदराले शे. ह्या लोके म्हनतस, कागद उना नही. अकरा लगून उना नही ते दुसराले लेतीन." अकरापर्यंत पत्र पोचलं नाही, तर जागा दुसऱ्याची.

मी मॅनेजरला गाठलं. त्याने ऐटीत पाठवलेल्या मेलचा रकाना उघडून धनतेरसची तारीख दाखवली. "मोकली दीधुं छे ने!" पाठवलंय की. त्याच्या लेखी पाठवणं म्हणजे बटण दाबणं. पुढे पत्र पोचलं की मेलं, देव जाणे.

देवाला कशाला त्रास, मलाच ठाऊक होतं. काळ्या पडद्यावर 'मेलक्यू' हा हुकूम टाइप केला. खोळंबलेल्या मेलची यादी उतरली आणि तिच्यात कडोदऱ्याचा पत्ता दिसला. क्रमांकापुढे उद्गारचिन्ह, म्हणजे अडवलेली. मॅनेजरने नव्हे, सेठनेही नव्हे, माझ्या ओळीने. आबांचं पत्र आठवडाभर तिथे पडून होतं आणि मी घरी फराळ हाणत सेठच्या नकला करत होतो. मला माझीच किळस आली.

तेवढं एकच पत्र मोकळं केलं. यादी पुन्हा मागवली, ते गेलेलं होतं. शेजारच्या खोलीत सेठ सर्व्हरपुढे फोडायला नारळ वाजवून निवडत होते. कळलं असतं तर माझीही पाठवणी झाली असती.

सव्वाअकराला आबांचा पुन्हा फोन. काम झालं होतं. मी फुशारकीने सांगितलं, मुहूर्ताआधीच धाडलं, सेठला पत्ताही लागू दिला नाही. मला वाटलं, आबा शाबासकी देतील. पलीकडे नुसता खोकला.

"मंग मुहूर्तवर आखो एकदाव धाड ना, भाऊ."

मुहूर्तावर आणखी एकदा! मी कपाळावर हात मारला. "आबा, नोकरी लागनी ना आते?"

"लागनी. पन टिकाले पाहिजे ना."

माझे हात धड होते, मला हसणं परवडत होतं.

बारा अडतीसला सेठ, मॅनेजर, सगळे टाळ्या वाजवायला माझ्या मागे उभे राहिले. त्यांना त्या काळ्या पडद्यावरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. घड्याळात एकोणचाळीस झाले. मी आधी आबांचं पत्र पुन्हा एकदा सोडलं, आणि ते गेल्याची खात्री करून मग सेठचा फोटो.