पिवळ्या कापडावरची पिन

आमच्या ह्यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. तेहतीस वर्षं झाली. उंच इमारतींच्या माथ्यावर लिफ्टचं यंत्र ठेवायची जी छोटी खोली असते ना, तशा शहरातल्या निम्म्याअधिक खोल्या ह्यांना आपल्या घराइतक्या ठाऊक आहेत. घरापेक्षा जास्तच म्हणते मी, कारण घरात साखरेचा डबा कुठे आहे हे अजूनही विचारावं लागतं.

आणि ह्यांची मोटरसायकल. बावीस वर्षांपूर्वी घेतलेली, गडद लाल, लांबच्या प्रवासाला आरामशीर आणि पळवायची म्हटली तर पळायलाही तयार अशी. वर्षातून एकदा आठ दिवस आम्ही तिच्यावरून कुठेतरी लांब जायचो, मी मागे. खोटं कशाला बोलू, त्या आठ दिवसांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार होती ती उरलेल्या रविवारांबद्दल. चार सिलिंडर, चार कार्बोरेटर, आणि ते चौघे एका सुरात चालायला हवेत. आज चेनला तेल, उद्या चेन ढिली, परवा इंजिनातले टॅपेट जुळवा. साधे प्लग बघायचे तर आधी अंगावरची आवरणं उतरवा, चौदा स्क्रू काढा, पेट्रोलची टाकी उचला. गल्लीतल्या सगळ्यांनी तिला माझी सवत म्हणून झालंय, म्हणून तो विनोद मी करत नाही. फक्त एवढंच म्हणते की सवतीला इतकं तेलपाणी लागलं नसतं.

लिफ्टच्या कामातली एक शिस्त ह्यांनी घरी आणली होती. काम सुरू करताना कापड पसरायचं आणि निघालेला प्रत्येक नट, प्रत्येक वायसर ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने त्यावर मांडायचा. काम संपलं की कापड रिकामं दिसलं पाहिजे. पण आपलं कापड आपणच तपासायचं नाही, कारण आपल्याला जे बघायचं असतं तेच दिसतं. म्हणून काम करणारा ओरडून विचारतो, "मोकळं?" जोडीदार येतो, कापड स्वतःच्या डोळ्यांनी बघतो आणि म्हणतो, "मोकळं." त्यानंतरच लिफ्टचं बटण दाबायचं.

घरी जोडीदार मी. मी पडदे शिवते. एका हॉटेलच्या पडद्यांतून उरलेलं पिवळं अस्तर मीच ह्यांना दिलं होतं. माझं शिलाई मशीन ज्या खिडकीशी आहे तिच्याखालीच हे गाडी उघडून बसायचे. "मोकळं?" असा आवाज आला की मी मान बाहेर काढून खाली बघायची आणि सांगायची. पहिली काही वर्षं तर मी खाली उतरून, वाकून बघत असे. मग खिडकीतून बघायला लागले. मग नुसती नजर टाकायला लागले.

तो रविवार उन्हाचा होता, म्हणून ह्यांनी गाडी खिडकीखालून हलवून पाण्याच्या टाकीमागे सावलीत नेली होती. मागचं चाक काढून चेन साफ केली, चाक परत बसवलं. मी एका सभागृहाच्या पडद्यांवर होते, कापडाचे अठरा पट्टे, आणि लांब शिवणीच्या अगदी मध्यावर. शिवण मध्ये थांबवली की तिथे गाठ दिसते. टाकीमागून आवाज आला, "मोकळं?"

मी मान वर न करता ओरडले, "मोकळं!"

गाडी सुरू झाली. कामानंतर हे नेहमी अर्ध्या तासाची फेरी मारून येतात.

शिवण संपवून मी धुतलेले कपडे वाळत घालायला खाली गेले. टाकीमागे पिवळं कापड तसंच पसरलेलं होतं आणि त्याच्या कोपऱ्यात एक पिन होती, बोटाच्या दोन पेरांएवढी. ती काय आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. मागच्या चाकाचा नट आपोआप फिरू नये म्हणून त्याच्यातून आडवी घालतात ती कॉटर पिन. ती नसली तरी कदाचित शंभर किलोमीटर काही होत नाही. कदाचित पहिल्याच वळणावर होतं.

मी धावत वर जाऊन फोन लावला. तो जेवणाच्या टेबलावरच वाजला. फेरीला जाताना हे फोन नेत नाहीत, डोक्याला तेवढीच शांतता म्हणून.

मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. अर्धा तास झाला, पाऊण झाला, तास झाला. शेजारीण काहीतरी विचारून गेली, मी काय उत्तर दिलं देव जाणे. एक तास दहा मिनिटांनी गल्लीच्या तोंडाशी तो ओळखीचा आवाज आला तेव्हा मला रडू कोसळलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच रागही आला.

रस्ता खणलाय, लांबून यावं लागलं, म्हणत हे थांबले. मी तळहात पुढे केला. ह्यांनी पिन बघितली, गाडी बंद केली आणि मागच्या चाकापाशी उकिडवे बसले. नट पाव फेरा फिरला होता. ह्यांनी पाना आणून तो घट्ट केला, पिन घातली, तिची टोकं वाकवली, हात धुतले. बराच वेळ धुतले.

"चूक माझी," हे म्हणाले. "आपण दुसरी गाडी बघू. जिला कमी उघडावं लागतं अशी."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. बावीस वर्षं मी हेच वाक्य ह्यांच्या तोंडून ऐकायला टपले होते आणि ते आयतं माझ्या पदरात पडलं होतं.

मग आमच्या दुकानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या दुकानातली गाडी मोठी होती, चेनच नाही, चाकापर्यंत लोखंडी दांडा. विक्रेता म्हणाला, "काय बिघडलं ते सगळं कॉम्प्युटर सांगतो."

"आणि कॉम्प्युटर बिघडला तर?" ह्यांनी विचारलं. तो हसला. हे हसले नाहीत.

दुसऱ्या दुकानात विजेवर चालणारी होती. दिसायला गोंडस. तिथला पोरगेलासा विक्रेता उत्साहाने म्हणाला, "काका, हिला काहीच करावं लागत नाही. चार्ज करा आणि विसरून जा!"

हे तिथून तडक बाहेर आले. मी मागोमाग. रस्ता ओलांडेपर्यंत ह्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्या बिचाऱ्याला काय चुकलं ते कळलंही नसेल.

तिसऱ्या दुकानात एक बाई होत्या, चाळिशीच्या, नाकावर चष्मा. हे म्हणाले, "ह्या गाडीला काय काय करावं लागतं ते सांगा. काहीच नाही असं सांगू नका."

बाईंनी बोटांवर मोजत सांगितलं. चेनऐवजी रबरी पट्टा आहे, तो अधूनमधून डोळ्यांखालून घालायचा. टॅपेट आपोआप जुळतात, त्यांना हात लावायचा नाही. टायरची हवा दर आठवड्याला बघायची. तेल बदलायला वर्षातून एकदा गाडी इकडे आणायची. "एवढं मात्र कराच," त्या म्हणाल्या. ह्यांना त्या पटल्या. गाडी साधी होती, दोन सिलिंडरची, राखाडी. हे बसले, मला मागे बसायला सांगितलं.

"कशी वाटते?"

"बसायला बरी आहे," मी म्हणाले. खरंच बरी होती. पाठीला टेकूसुद्धा होता.

"मग हीच," हे म्हणाले. एरवी नवा पाना घ्यायचा तरी हा माणूस चार दिवस विचार करतो. घरी येताना लाल गाडीवर मी मागे. आधी हेल्मेटच्या आतून ह्यांचं गुणगुणणं मला ऐकू यायचं. ते पिनेच्या दिवसापासून बंद झालं होतं, आणि ते बंद झालंय हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

लाल गाडीला गिऱ्हाईकही लगेच मिळालं. गणिताच्या एक शिक्षिका, स्वतःचा पाना घेऊन गाडी बघायला आल्या. हे म्हणाले, योग्य हातात जाते आहे. शनिवारी न्यायचं ठरलं.

शुक्रवारी मी दोऱ्याच्या दुकानात गेले, तर तिथे ह्यांचा कामावरचा जोडीदार मुलीच्या कोटाची बटणं निवडत उभा. मला बघून बटणं तशीच ठेवून जवळ आला.

"वहिनी, तुम्हीच सांगा दादांना. अर्ज मागे घ्या म्हणावं."

"कसला अर्ज?"

तो चपापला. मग हळूच म्हणाला, "दोन वर्षं आधीच नोकरीतून सुटायचा. मला म्हणाले, आता माझा माझ्यावर भरवसा नाही. वहिनी, तेहतीस वर्षांत ह्या माणसाच्या लिफ्टमध्ये कुणाचं बोट चेमटलं नाही. साहेबांनी अर्ज सोमवारपर्यंत दाबून ठेवलाय."

मी दोरा न घेताच घरी आले. गाडी गेली असती तर माझं काय जात होतं? पण ह्यांचं काम ह्यांच्याकडून काढून घेतलं तर उरतं काय, तो साखरेचा डबा शोधणारा माणूस? आणि हे सगळं माझ्या एका शब्दापायी.

हे टाकीमागे लाल गाडी पुसत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"त्या दिवशी मी बघितलं नव्हतं," मी म्हणाले. "तुम्ही विचारलंत आणि मी शिवणीवरूनच मोकळं म्हणाले. पिन नजरेतून सुटली असंही नाही, मी मान वर केलीच नाही. आणि नंतरही सांगितलं नाही, कारण मला ही गाडी जायलाच हवी होती."

हे पुसत राहिले. मग म्हणाले, "खिडकीतून टाकीच्या मागचं दिसत नाही."

"काय?"

"ये, बघ इथून. तुझी खिडकी दिसते का?"

मी बघितलं. मधे टाकी होती. खिडकीचा कोपरासुद्धा दिसत नव्हता.

"तू मोकळं म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं की तू बघितलेलं नाहीस. बघूच शकत नव्हतीस," हे म्हणाले. "तरी मी निघालो. विसरलो ते सोड, विसरतो माणूस, म्हणून तर विचारायचं. पण उत्तर खोटं आहे हे माहीत असून मी किल्ली फिरवली. कामावर असं केलं तर माणसं मरतात."

इतके दिवस मी माझी चूक उराशी घेऊन बसले होते आणि हे स्वतःची.

"कामावर केलंय कधी असं?" मी विचारलं.

"नाही."

"आठवून सांगा. एकदा तरी?"

ह्यांनी खरंच आठवलं. फडकं गुडघ्यावर ठेवून, डोळे बारीक करून. "नाही. तो येतो, वाकतो, बघतो. नाही आला तर मी थांबतो. एकदा चाळीस मिनिटं थांबलो होतो, तो चहाला गेला होता."

"मग तो अर्ज कशाला दिलात? थांबणं तुम्ही घरी विसरलात, कामावर नाही. आणि घरी विसरायला मी लावलं." माझा आवाज चढला होता, शेजारणीची खिडकी उघडली तरी मी थांबले नाही. "गाडी द्यायची तर द्या, नाहीतर ठेवा, मी एक अक्षर बोलणार नाही. पण तो अर्ज सोमवारी परत आणा. घाबरून काम सोडायचं नाही, तुम्ही सोडलंत तर ते माझ्यामुळे होईल आणि मला ते पेलणार नाही."

हे म्हणाले, "तुला ही गाडी नको होती हे बावीस वर्षं सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"हो. पण आता हवी म्हणाले तर?"

"नको," हे म्हणाले. "हिला दोघांचे डोळे लागतात. आपले आता तेवढे तल्लख उरले नाहीत." आणि गाडीच्या लाल टाकीवरून एकदा हात फिरवला. मला त्या क्षणी तिची माया आली.

शनिवारी शिक्षिका आल्या. ह्यांनी त्यांना कापडाचं, क्रमाचं, विचारण्याचं सगळं समजावलं. "घरी कुणी आहे का बघणारं?" हेही विचारलं. भाऊ आहे म्हणाल्या. गाडी गल्लीबाहेर जाईपर्यंत हे फाटकाशी उभे होते, आणि नंतरही थोडा वेळ. सोमवारी अर्ज परत आला. जोडीदाराने तो स्वतः फाडला, असं मला नंतर कळलं.

राखाडी गाडी आली त्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा मशीनवर होते. हे खाली, पुन्हा टाकीमागे, कारण ऊन होतंच. काम काय, तर टायरची हवा. तरी पिवळं कापड नेलेलं मी बघितलं होतं. दहा मिनिटांत आवाज आला.

"मोकळं?"

मी शिवण मध्येच थांबवली. गाठ दिसणार होती, दिसू दे. जिना उतरून टाकीमागे गेले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. कापडाच्या एका घडीत टायरच्या नळीचं काळं टोपण पडलं होतं, वाटाण्याएवढं.

"नाही," मी म्हणाले.

ह्यांनी टोपणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मुद्दाम ठेवलंत?"

"नाही," हे म्हणाले. "विसरलो." आणि कित्येक आठवड्यांनी हसले. टोपण उचलून चाकाला बसवलं, बोटाने पिळून घट्ट केलं आणि उठून बाजूला उभे राहिले, मला कापड नीट दिसावं म्हणून.

मी कापड उचललं, झटकलं, दोन्ही बाजूंनी बघितलं.

"मोकळं," मी म्हणाले. तेव्हा कुठे ह्यांनी किल्ली फिरवली.