जंगलाचा पडदा

नांदेडच्या जुन्या गावातलं नाट्यगृह दुरुस्त करायचं ठरलं, तेव्हा समितीत मलाही घेतलं. कॉलेजात असताना मी तिथे स्पर्धेतल्या नाटकांत कामं केली होती, एवढीच माझी लायकी. बाकीचे तिथे आले असतील तर सत्कार घ्यायला. अध्यक्ष खतांचे डीलर. नाटक त्यांनी बसून पूर्ण पाहिलेलं मला तरी आठवत नाही.

तिथले पडदे चाचांनी रंगवलेले. इतवाऱ्यात त्यांचं पाट्या रंगवायचं दुकान. महाल, रस्ता, देऊळ सगळं त्यांच्याच हातचं. पण जंगलाचा पडदा उघडला की लोक नट यायच्या आधीच टाळ्या वाजवायचे. तो रंगवण्याआधी चाचा चार दिवस किनवटला जाऊन सागवान बघत बसले होते.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मी त्यांना मुद्दाम घेऊन गेलो. रंगमंचामागे सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या आणि त्यांच्यावर ते जंगल टाकलेलं. मधोमध फाटलेलं, चुन्याने पांढरं पडलेलं.

अध्यक्ष तिथेच उभे होते. "चाचा, टेन्शन नका घेऊ. आता फ्लेक्स लावलाय. एकदम ओरिजिनल झाडं."

फ्लेक्सवर कुठल्यातरी थंड देशातली, बर्फ पडलेली झाडं होती.

चाचा वाकून कापडावरचा चुना बोटाने पुसत राहिले. "हे सागाचं पान हाय," ते मला म्हणाले. "शिरा बी दिसून राहिल्या अजून."

"उद्या तुमचा सत्कार ठेवलाय," अध्यक्ष म्हणाले. "शाल, श्रीफळ. फोटो पेपरात येईल."

"शाल ऱ्हाऊ द्या साहेब. हे नेऊ का?"

"न्या की. भंगारच आहे."

आम्ही दोघांनी गोण्यांवरून पडदा उतरवला, त्याची घडी घालून रिक्षात ठेवली. त्या अध्यक्षाला मी एका शब्दाने बोललो नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी बसून मराठवाड्याच्या सांस्कृतिक वैभवावर बोललो. चाचा आले नाहीत.

आता तिथे क्लासवाल्यांचे गुणवंत सत्कार होतात. लातूरहून कुणीतरी सर येऊन यशाचं गमक सांगतात, पालक मान डोलावतात. नाटक वर्षात एखादं होतं, तेही अध्यक्षांचं भाषण संपल्यावर.

पडद्याचा धड राहिलेला तुकडा चाचांनी दुकानाच्या मागच्या भिंतीला लावलाय. डोळ्यांना कमी दिसतं, तरी सवड मिळाली की एखादं पान पुन्हा रंगवतात. मी गेलो की स्टूल सरकवतात, चहा सांगतात. माझ्या भाषणाचं त्यांनी अजून विचारलेलं नाही.